अ आणि द

या गावाचं नाव लिहायचं एक, म्हणायचं दुसरं.
मध्ये जी आहे, एच आहे, तरी म्हणायचं कीथली.
कुणी विचारलं का, तर सांगायचं, असंच.
गुरुवारी दुपारी दोन वाजता
वाचनालयाच्या मुलांच्या कोपऱ्यात
मी हेच शिकवते, बिनपगारी:
असंच.

माझं इंग्रजी कराडच्या बँकेतलं.
एकतीस वर्षं, आपल्या दिनांक बाराच्या पत्रास अनुसरून.
त्यात एकही प्राणी नव्हता.
कुणी कुणाच्या कुशीत झोपत नव्हतं,
कुणाला भूक लागत नव्हती,
फार तर थकबाकी.

लेतेब्रहान समोर बसते, गुडघे हनुवटीशी,
कारण खुर्च्या चार वर्षांच्या पोरांच्या मापाच्या.
एरिट्रियाहून आली. कशी, ते मी विचारत नाही,
आमच्या पुस्तकात तेवढा भूतकाळ अजून आलेला नाही.
रात्री ती इस्पितळाच्या फरश्या पुसते.
तिच्या हातांना लिंबाच्या फिनेलचा वास येतो,
आणि आता पानांनाही.

पुस्तकात एक हेजहॉग.
हे काय असतं, तिनं विचारलं.
मला तरी कुठं ठाऊक!
साळिंदराचं धाकटं भावंड असावं.
मी दहा बोटं ताठ करून डोक्यावर धरली.
तिनंही धरली.
मिसेस ॲकरॉयड रॅकमागून
चष्म्यावरून बघत राहिल्या.

अ हेजहॉग, ती वाचते. अ हाउस. अ डोअर.
थंडी आलीय, त्याला राहायला जागा हवीय,
एवढीच गोष्ट.
पान उलटलं, तर द हेजहॉग.
ती बोट ठेवून थांबते.
तोच ना हा? मग का बदललं?

बँकेत हे कुणी विचारलं नव्हतं.
तिथं 'द' शिक्क्यासारखा जागोजाग ठोकायचा,
नको असेल तिथला साहेब खोडायचे.
आमच्या भाषेत ना हा, ना तो.
मग आठवलं, आटपाट नगर होतं,
तिथं एक राजा होता.
'एक' एकदाच.
पुढच्या वाक्यापासून तो राजा, त्या राजाची राणी,
पुन्हा कुणी विचारत नाही, कोण, कुठला.
मी म्हटलं, पहिल्यांदा भेटला तेव्हा अ.
ओळख झाली, की द.

ती पानाकडे बघत राहिली.
बाहेर बस आली, दार उघडलं, मिटलं, गेली.
मग हळूच म्हणाली,
कितीदा भेटल्यावर?

माझ्या लेकीच्या शेजारचे गृहस्थ
तीन वर्षं मला हवामान सांगतात,
नाव नाही.
मी म्हटलं, गोष्टीत एकदा पुरतं.

शेवटचं पान कुण्या बाळानं खाल्लं आहे.
हेजहॉग सातव्या दाराशी उभा,
दार बोटभर उघडलेलं,
आणि मग थेट पुठ्ठा.
पुढं तू सांग, मी म्हटलं.
तिनं खूप शब्द गोळा केले.
आत एक बाई आहे.
बाई विचारते, डेट ऑफ बर्थ?
असं म्हणून ती इतकी हसली
की डोळे पुसावे लागले,
मला मात्र हसायला जरा वेळ लागला.
मग, ती म्हणाली, मग बाई चहा ठेवते.
हे वाक्य व्याकरणात अगदी बरोबर होतं.

गेले दोन गुरुवार ती आली नाही.
पाळी बदलली म्हणे.
मी छोट्या खुर्चीवर एकटीच बसून
एका बदकाचं पुस्तक वाचलं, मनातल्या मनात,
उच्चारांसकट.

आज पहाटे पाचला फोन थरथरला.
फोटो, हललेला.
इस्पितळामागचे कचऱ्याचे डबे, ओला डांबरी रस्ता,
आणि मधोमध
भांडी घासायच्या काथ्यासारखं काहीतरी,
त्याला डोळे.
खाली दोनच शब्द,
द हेजहॉग.

चष्मा सापडेना.
तशीच अंथरुणात उठून बसले
आणि एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं,
जेवलाय का तो, बघ.